हाताला काम येतं, मग सर्टिफिकेट कशाला?

पेडण्याकडची एक मुलगी आईला घेऊन म्हापशाला माझ्याकडे आली. (ओळख बदलली आहे.) बारावीनंतर तीन वर्षं एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस. आता एका मोठ्या क्लिनिकने मुलाखतीत सर्टिफिकेट मागितलं आणि तिचा धीर खचला. "मॅडम, काम सगळं येतं मला. आता कोर्सात वेळ कशाला घालवू?" आईचा प्रश्न सरळ होता, "त्या कागदाने पगार वाढतो काय गो बाय?"

मी तिला तिचं काम सांगायला लावलं. बोलता बोलता हात हलायला लागले. रबरी वाटीत अल्जिनेट, म्हणजे दातांचा ठसा घ्यायचं मिश्रण, भराभर घोटायचं, उन्हाळ्यात पाणी गार घ्यायचं, नाहीतर ट्रे तोंडात जायच्या आधीच ते घट्ट होतं. ऐकत राहावं असं सांगत होती. मग मी विचारलं, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमधून, काढलेल्या पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला, म्हणजे आतली इन्स्ट्रुमेंट्स निर्जंतुक झाली का? "झाली की." नाही. पाकीट ऑटोक्लेव्हमधून गेलं, एवढंच ती पट्टी सांगते. मशीन जंतू खरोखर मारतं का, हे स्पोर टेस्टने तपासतात, म्हणजे चिवट जंतूंचे बीजाणू आत ठेवून ते मरतात का ते बघतात. तीन वर्षांत तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. यात तिचा काय दोष!

जुन्या डॉक्टरांना तिचे हात माहीत आहेत, नव्यांना कसे असतील? अनोळखी दारात तिच्या बाजूने बोलायला सर्टिफिकेट लागतं, आणि पगाराची बोलणीही जरा ताठ मानेने करता येतात. वाढीची हमी मात्र मी दिली नाही. आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यात हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि मेकॅनिक (कवळ्या बनवणारे) यांची नोंदणी आली होती, असिस्टंटची, म्हणजे मदतनिसाची, नाही. अमेरिकेत डेंटल असिस्टिंग नॅशनल बोर्डाच्या परीक्षेत खुर्चीजवळची मदत, एक्स-रेची सुरक्षितता आणि संसर्ग नियंत्रण असे तीन भाग असतात. कोर्स निवडताना हे तिन्ही विषय त्यात आहेत का ते बघ, असं मी तिला सांगितलं. प्रमाणपत्रावर कुणाचं नाव आहे तेही बघायचं. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल या आरोग्य क्षेत्रातल्या कौशल्यांची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची डेंटल असिस्टंटची पात्रता आहे. नुसत्या खाजगी क्लासच्या शिक्क्यावर पैसे घालू नयेत. आणि सर्टिफिकेट मिळालं म्हणून स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं) करायला हात लावायचा नाही, ते हायजिनिस्टचं आणि डॉक्टरांचं काम.

वेळेचं म्हणाल तर आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) नावाची सोय असते, अंगी असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. ती जवळपास मिळते का ते आधी शोध, तोवर नोकरी सोडू नकोस आणि डॉक्टरांकडून अनुभवाचं पत्र आजच माग, असं मी म्हटलं.

निघताना आई पुढे गेली, मुलगी दारातून परतली. "स्पोर टेस्टचं आमच्या डॉक्टरांना विचारलं तर चालेल?"

"उद्याच विचार."