1951ची शेव्हरोलेट पिकअप: जाळी, बंपर आणि मोनोग्राम नवे मागवावेत की जुनेच करून घ्यावेत?

तुमचा प्रश्न मला असा कळला: आजोबांची 1951ची शेव्हरोलेट 3100 पिकअप मुंबईत रे रोडच्या गोदामात कित्येक वर्षं उभी होती. इंजिन आता चालू झालंय. राहिलंय ते चमकीचं काम, म्हणजे पुढची जाळी, बंपर, बॉनेटवरचे मोनोग्राम म्हणजे नावाचे बिल्ले, दरवाज्यांची हँडलं आणि खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या. अमेरिकेतून अख्खा नवा सेट मागवायचा की जुनंच सगळं क्रोम करून घ्यायचं, यावर घरात दोन तट पडलेत.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. आमच्या घरचा धंदा कुर्ल्याला बफिंग (फिरत्या चाकावर घासून चमक आणणं) आणि निकल-क्रोमचा. त्यामुळे मी ‘जुनंच करा’ म्हणणार असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या यादीतल्या काही वस्तू कुठल्याच क्रोमवाल्याकडे नेऊ नका, असंच मी सांगणार आहे.

अख्ख्या गाडीसाठी एकच निर्णय घेऊ नका. प्रत्येक तुकडा कोणत्या धातूचा आहे ते पाहा, म्हणजे अर्धे वाद आपोआप मिटतील. एक चुंबक आणि एक जुनी कानस घेऊन बसा. चुंबक चिकटतो आणि गंज धरलाय, तर ते साधं लोखंड. गंजाचं नाव नाही, फक्त पोचे आणि ओरखडे आहेत, तर स्टेनलेस. त्या काळच्या पट्ट्यांना चुंबक चिकटू शकतो, त्यावरून फसू नका. चिकटत नाही आणि हातात हलकं लागतं ते ॲल्युमिनियम. चिकटत नाही पण जड आहे, त्याला मागच्या बाजूने, कुठे दिसणार नाही अशा कोपऱ्यात, कानशीचा एक हात मारा. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर झिंकचं (जस्ताचं) ओतकाम.

पितळ निघालं तर देवाचे आभार माना. स्टेनलेसही सोपं. तुमची कॅब डिलक्स असेल, म्हणजे मागच्या कोपऱ्यांना काचा असतील, तर खिडक्यांच्या पट्ट्या स्टेनलेसच्या असणार. चांगला डेंटर आतून छोट्या हातोडीने पोचे उठवतो, मग घासकाम, मग बफ. या पट्ट्यांना क्रोम मारायला कोणी सुचवलं तर तिथून उठा. नव्या पट्ट्या घेण्याचंही कारण नाही, त्यांचा पत्रा बहुतेक वेळा पातळ असतो आणि कोपऱ्यात फट राहते. चमक पैसे टाकून आणता येते, फिटिंग नाही.

खरी डोकेदुखी झिंकची. बॉनेटच्या बाजूचा ‘3100’ आणि ‘शेव्हरोलेट’ हे मोनोग्राम झिंकचे आहेत. गोदीजवळच्या खाऱ्या हवेत त्यांच्यावर पुटकुळ्या आल्या नसत्या तरच नवल. क्रोमचा थर कसा असतो ते माहीत असेल तर हे लगेच कळेल. वरचा क्रोम फक्त पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याला बारीक भेगा आणि छिद्रं असतात. खरं रक्षण करतं खालचं निकल आणि त्याखालचं तांबं. पाणी एकदा त्यातून झिंकपर्यंत पोचलं की झिंक आतल्या आत खाल्लं जातं आणि वरचा थर फुगतो. दाताच्या किडीसारखं आहे हे, वर टिपका दिसतो आणि आत पोकळी असते. इलाजही तोच: प्रत्येक खड्डा बारीक ड्रिलने पांढऱ्या धातूपर्यंत साफ करायचा, तांब्याचा थर द्यायचा, खड्डे डाखाने भरायचे, घासायचं, पुन्हा तांबं, पुन्हा घासायचं, आणि मग निकल-क्रोम. हे सगळं हाताचं काम, म्हणून छोट्याशा मोनोग्रामची मजुरी कधीकधी नव्या मोनोग्रामच्या किमतीच्या वर जाते.

इथेच बहुतेक क्रोमवाले मार खातात. लोखंडाची सवय असलेला कारागीर झिंक ॲसिडमध्ये टाकतो आणि तासाभरात अक्षरांच्या कडा विरघळलेल्या असतात. झिंकवर पहिला थर सायनाइड कॉपरचाच, म्हणजे सायनाइडच्या द्रावणातून चढवलेल्या तांब्याचाच लागतो, ॲसिड कॉपरची टाकी झिंकला खाते. शिवाय बफवर बसलेला पोरगा घाईत असेल तर अक्षरं गोलसर होतात. लांबून छान चकाकतं, जवळ गेलात की साबणाची वडी. म्हणून मोनोग्रामपुरतं माझं मत असं: खड्डे थोडे आणि मागचे खुंट (ज्यांनी तो बॉनेटच्या भोकांत बसतो) शाबूत असतील तर जुनाच करा. खड्डे आरपार गेलेत किंवा खुंट तुटलेत तर नवा घ्या. या गाड्या अमेरिकेत इतक्या लोकप्रिय आहेत की त्यांचे नवे मोनोग्राम सहज मिळतात. जुना मात्र फेकू नका. नवा आला की दोन्ही उलटे करून शेजारी ठेवा आणि खुंटांमधलं अंतर जुळतंय का बघा. बॉनेटला नवी भोकं पाडायला लागणार असतील तर तो मोनोग्राम परत पाठवा.

आता जाळी. तुम्ही लिहिलंय की ती ‘क्रोम उडून रंगवलेली’ आहे. थांबा, तिच्यावर क्रोम कधी होता का? या मॉडेलला क्रोमची जाळी मुळात जादा पैशांची होती, साधी जाळी रंगवलेलीच यायची. त्यात कोरियाच्या युद्धामुळे अमेरिकेत निकलची टंचाई झाली आणि 1951च्या सुमारास गाड्यांवरचा क्रोम बराच कमी झाला. जाळीच्या पट्ट्या खोला आणि जोडाच्या आत, जिथे कोणाचा ब्रश पोचला नसेल तिथे पाहा. निकलचा पिवळसर पांढरा थर कुठेच नसेल आणि थेट लोखंडावर जुना रंग असेल, तर तुमची जाळी जन्मापासून रंगाची आहे. मग काम सोपं आणि स्वस्त: पत्रा सरळ करा, गंज काढा, प्रायमर, रंग. क्रोमच हवा असेल तर मात्र नवी जाळी घ्या. पाच आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामागच्या आतल्या पट्ट्या एकेक करून बफ करायची मजुरी मी सांगितली तर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही.

बंपर जाड लोखंडाचे. आरपार गंजले नसतील तर जुनेच ठेवा, नव्यांचा पत्रा हलका लागतो. क्रोम झाल्यावर मागच्या बाजूला झिंक प्रायमर आणि रंग द्यायला विसरू नका, तिथे निकल-क्रोमचा थर नीट पोचत नाही आणि मुंबईत गंज मागूनच पुढे येतो.

हँडलं मागवताना साल तपासा. 1951पर्यंत खाली फिरवायची हँडलं होती, 1952पासून बटणाची आली. ‘47 ते 53ला चालेल’ असं लिहिणाऱ्या विक्रेत्याला एकदा विचारून घ्या.

आणि एक गोष्ट अमेरिकन विक्रेत्याच्या डोक्यातही येणार नाही. जनरल मोटर्स 1928पासून शिवडीत गाड्या जुळवत होती, 1954मध्ये तिने इथून गाशा गुंडाळला. तुमची गाडी उजव्या स्टीअरिंगची आहे, म्हणजे बहुधा त्याच कारखान्यातली. जाळी, बंपर, व्हीलकॅप, बॉनेटचे मोनोग्राम यांना स्टीअरिंग डावं की उजवं याचा फरक पडत नाही, ते बिनधास्त मागवा. डॅशबोर्डवरचं काहीही मात्र फोटो जुळवल्याशिवाय मागवू नका. त्या भागासाठी चोरबाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पायाखाली घाला, इथल्याच भंगारात निघालेल्या गाडीचा तुकडा तुमच्या गाडीला बसण्याची शक्यता जास्त. तिथे ताजा चकाकणारा तुकडा दिसला तर तो ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. ट्यूबची रेघ लाटांसारखी वाकली तर खालचं घासकाम कच्चं आहे. मळका, न छेडलेला तुकडा मिळाला तर तो घ्या, निदान तो काय आहे हे कळतं.

घरातला दुसरा तट ‘नवे पार्ट लावले तर व्हिंटेज (जुन्या गाड्यांची खास) नोंदणी मिळणार नाही’ म्हणत असेल, तर ती भीती सोडा. 2021च्या नियमात 50 वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात हवी आहे, पण रोख चासी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांवर आहे. मोनोग्राम किंवा पट्टीने काही अडत नाही. अडचण दुसरीच येऊ शकते: तो नियम खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे. तुमच्या आरसी बुकात ‘मालवाहू’ लिहिलं असेल तर खर्च करण्याआधी आरटीओत विचारून या. रॅलीत उतरवायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे परीक्षक गुडघ्यावर बसून मोनोग्रामसुद्धा बघतात.

क्रोमवाला निवडताना भाव शेवटी विचारा. आधी विचारा, तांबं देता का, आणि झिंकला पहिला थर कशाचा? मग त्याने केलेलं, एक पावसाळा काढलेलं काम दाखवायला सांगा. देण्याआधी प्रत्येक तुकड्याचे पुढून-मागून फोटो काढा, खुंट मोजा, यादीवर त्याची सही घ्या. क्रोमच्या कारखान्यात छोटे तुकडे हरवतात, आमच्याकडेही हरवतात.

रबराचं बीडिंग, खिडकीचे फेल्ट आणि पट्ट्यांच्या क्लिपा यांचा विचारच करू नका, सरळ नव्या. परदेशातून जे मागवायचं ते एकाच पार्सलमध्ये मागवा, कारण जाळीसारख्या मोठ्या खोक्याचं भाडं वजनावर नाही, आकारावर लागतं, आणि वर कस्टम आहेच. ऑर्डर देण्याआधी जाळीच्या जोडांचे आणि मोनोग्रामच्या मागच्या बाजूचे फोटो इथे टाका, बघून सांगतो.