हिवाळ्यातली क्रॅनबेरीची खाचरे

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे सासू-सासरे जानेवारीअखेरपर्यंत आमच्याकडे आहेत. सासऱ्यांचे गुडघे दुखत असल्याने चढ-उताराची वाट त्यांना झेपत नाही. ओशन काउंटीतील डबल ट्रबल स्टेट पार्कमध्ये क्रॅनबेरी या आंबट लाल फळाचे बॉग, म्हणजे लागवडीच्या पाणथळ जागा, आहेत असे कळले. पण पाण्यावर तरंगणारी लाल फळे शरद ऋतूतच दिसतात ना? मग आता तेथे जाण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : अवश्य जावे. फळे मात्र दिसणार नाहीत. त्यांची तोडणी सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत आटोपते. परंतु माझ्या मते बॉगची रचना हिवाळ्यातच नीट कळते, कारण तेव्हा आजूबाजूची झाडी विरळ झालेली असते आणि बांध, चर व पाणी अडवण्याची दारे स्पष्ट दिसतात.

‘बॉग’ या शब्दाने खोल दलदल डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ही बांध घातलेली सपाट खाचरे असतात, आणि भातखाचरे पाहिलेल्या तुमच्या सासऱ्यांना त्यांचे तंत्र समजावून सांगावे लागणार नाही. क्रॅनबेरीचा वेल जमिनीलगत पसरतो व वर्षभर हिरवा राहतो, फक्त थंडीत त्याची पाने तांबूस-जांभळी होतात. पुढील हंगामाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीसच धरलेल्या असतात. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वरून कोरडा वारा पाने सुकवतो. म्हणून ज्या बॉगमध्ये पीक घेतले जाते, ते हिवाळ्यात पाण्याखाली ठेवतात. म्हणजे हे पाणी वेलाचे पांघरूणच असते! मॅसॅच्युसेट्समध्ये तर बर्फाचा थर पुरेसा जाड झाला की त्यावर वाळू पसरतात. बर्फ वितळल्यावर ती अलगद वेलांवर बसते आणि त्यांना नवी मुळे फुटतात.

डबल ट्रबलमध्ये निसर्गवाटेचा फेरा सुमारे दीड मैलाचा, सपाट व वाळूचा आहे. वाटेत सीडर क्रीक या ओढ्याचे पाणी चहाच्या रंगाचे दिसेल. ते घाण नसून झाडापाल्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य व जमिनीतील लोह यांमुळे तसे झालेले असते. काठी असल्यास सोबत असू द्यावी, कारण काही ठिकाणी वाळू भुसभुशीत असते. बॉगवरील बर्फ कितीही घट्ट वाटला तरी त्यावर पाऊल ठेवू नये.

पार्कमधले जुने गावही पाहावे. तेथील लाकूड कापण्याची गिरणी आणि क्रॅनबेरी निवडून बांधण्याची इमारत जतन करून ठेवली आहे. या फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात, म्हणून ते पाण्यावर तरंगते आणि ताजे असल्यास चेंडूसारखे उसळते. निवड करणाऱ्या जुन्या यंत्रांत फळे फळीवर आपटत : उसळेल ते चांगले, न उसळेल ते बाद. (परीक्षा घेण्याची इतकी सोपी रीत माणसांसाठी उपलब्ध नाही.) इमारती आतून पाहता येतील की नाही, हे निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे.

पक्षी पाहायचे असतील, तर दुसऱ्या एखाद्या दिवशी ब्रेंडन टी. बर्न स्टेट फॉरेस्टमधील व्हाइट्सबॉग गाठावे. पाणी भरलेल्या तेथील बॉगवर थंडीत टुंड्रा हंस उतरतात. लागवडीच्या मोठ्या ब्लूबेरीचे पहिले विक्रीयोग्य पीकही तेथेच, 1916 मध्ये निघाले.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. पार्कच्या काही भागांत हंगामात शिकारीस परवानगी असते, म्हणून सर्वांनी भडक नारिंगी रंगाचे काहीतरी अंगावर घालावे. तसेच थंडी ओसरलेल्या दिवशी हरणावरील गोचिडी हिवाळ्यातही सक्रिय असतात. गवतात न शिरता वाटेच्या मधून चालावे आणि घरी आल्यावर पायमोजे व पोटऱ्या तपासाव्यात. या दिवसांत पाचच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा सासऱ्यांच्या चालीने फेरा पूर्ण व्हावा यासाठी दुपारी एकपर्यंत तेथे पोहोचणे बरे.