बाराव्या तासाला जाऊन उभा राहा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा कुपवाडला टपरीवर चहा पिताना तू तुमच्या फाउंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या, नव्या पाळ्यांचा कागद माझ्यापुढं सरकवलास. चार दिवस बारा तास, तीन दिवस सुट्टी, सगळ्या खात्यांना एकदम. सोमवारी तुझ्या पाळीचं मत द्यायचंय आणि तुला काही सुचत नाही. मी ‘बघू’ म्हणून उठलो खरा, पण घरी आल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून लिहितोय.

‘सर, कायद्यात बसतंय’ असं तू दोनदा म्हणालास. बसू दे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारावर न्यायला मान्यता दिली, आठवड्याचे ४८ तास तेवढेच ठेवले आणि कामगाराची लेखी संमती हवी म्हटलं, हे मीही वाचलंय. कायदा काय करू देतो एवढंच त्यातून कळतं. ओतकामाला, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायच्या कामाला, काय झेपतं ते कळत नाही. ते कळायला बाराव्या तासाला तिथं जाऊन उभं राहावं लागतं.

आणखी एक. तुमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये आइसलँडचं उदाहरण दिलं म्हणालास. अरे, आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात जो प्रयोग झाला त्यात तास कमी केले होते. आठवड्याला चाळीसचे पस्तीस-छत्तीस, आणि पगार तोच. तुमच्या कागदावर एक तासही कमी झालेला नाही. तेच ४८ तास चार दिवसांत कोंबलेत. बेल्जियमनं २०२२ मध्ये अशी मुभा दिली, ते उदाहरण जवळचं. एक तास घटवणं आणि तोच तास दुसऱ्या दिवसाच्या पाठीवर टाकणं यातला फरक तुला कळायला हवा होता. तू माझ्या हाताखाली तीन वर्षं काढलीस.

आता माझं ऐक. हे तुला कधी सांगितलेलं नाही.

भारनियमनाच्या दिवसांतली गोष्ट. आठवड्यातला एक दिवस वीजच नसायची आणि रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त, त्यामुळं भट्ट्या रात्रीच पेटायच्या. मी पाळीप्रमुख होतो. रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची पाळी लावायची कल्पना माझीच. मुलांनीच मागितलं होतं. सह्या होत्या, नऊनंतरच्या तासाला दुप्पट पैसे होते, मी कुणावर जबरदस्ती केली नव्हती. पहिले दोन महिने माल वाढला, माझी पाठ थोपटली गेली.

एका पहाटे साडेसहाला, म्हणजे अकराव्या तासाला, एका लॅडलचं, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याचं, तोंड झिजलं म्हणून पोरांनी उष्णता सोसणारा मसाला लावून डागडुजी केली. असा लॅडल बर्नरवर पूर्ण वाळवल्याशिवाय धातू घ्यायचा नाही, हे त्यांना झोपेतही पाठ होतं. पण अजून चार साचे राहिले होते आणि सगळ्यांना घरी जायचं होतं. अर्धवट वाळलेल्या मसाल्यात ओल होती. तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड त्यावर पडलं, ओलीची एकदम वाफ झाली आणि धातू उकळी फुटल्यासारखा बाहेर उडाला. लॅडल धरणाऱ्यानं उकाड्यानं पायावरच्या गेटरचा, म्हणजे बुटाचं तोंड झाकणाऱ्या आवरणाचा, पट्टा सैल केला होता. एक ठिणगी नव्हे, चमचाभर लोखंड बुटात गेलं. त्याला मिरजेला नेलं. पाय वाचला, पण तो परत भट्टीपाशी उभा राहिला नाही.

मी तेव्हा कुठं होतो? केबिनमध्ये रिपोर्ट भरत होतो. पहिल्या तासाला मी फ्लोअरवर असायचो, मोठ्यानं सूचना द्यायचो, गेटर तपासायचो. शेवटच्या तासाला कधीच नसायचो. त्या चुकीचं नाव मी आजवर कुणापुढं घेतलं नाही.

त्यानंतर पुढची सगळी वर्षं मी ओतकामाला आठ तासांच्या वर पाळी लावू दिली नाही. त्यापायी माझी बढती दोनदा हुकली. लोक म्हणाले, हट्टी आहे. असेन. पण माझ्या पाळीत परत कुणाचा पाय भाजला नाही, आणि हे मी कुणापुढंही ताठ मानेनं सांगेन.

म्हणून तुला एकच सांगतो. खात्याचं नाव बघू नकोस, सुट्ट्या मोजू नकोस. त्या कामाचा बारावा तास कसा असेल ते बघ. बारा तास हा शब्दच वाईट आहे असं मी म्हणत नाही. ड्रॉइंग काढणाऱ्या मुलीची चूक सकाळी खोडता येते, तिला चार दिवस जमत असतील तर खुशाल दे. मेंटेनन्सला मोठा गिअरबॉक्स उघडला की पाळी बदलताना अर्धी माहिती सांडते, तिथं लांब पाळीचा फायदाही आहे. मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्सबाई हेच सांगतील : पेशंट हातातून हातात जितका कमी जाईल तितकं बरं, पण पहाटेचा औषधाचा डोस दोनदा वाचावा लागतो. पोअरिंगला, म्हणजे ओतकामाला, मात्र दोनदा वाचायची सोय नाही. एसजी आयर्नला, म्हणजे चिवट जातीच्या ओतीव लोखंडाला, मॅग्नेशियम दिल्यावर मोजक्या मिनिटांत ओतलं नाही तर त्याचा गुण उतरतो. दमलेला हात तिथं हळू चालतो किंवा घाई करतो, दोन्ही वाईट. आणि नुसत्या डोळ्यांनी तडा शोधणारी तपासणीची पोरं? दहाव्या तासानंतर त्यांच्या हातून काय काय पास होतं, बघितलंयस कधी?

‘मुलं तयार आहेत’ म्हणालास. असणारच. तासगाव, पलूस, वाळव्याची पोरं ती. निम्म्यांची द्राक्षबाग नाहीतर ऊस आहे. तीन दिवस सुट्टी म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतरची फवारणी, आणि शेतीची वीज रात्रीची असली की रात्रभर पाणी पाजणं. सुट्टीत तो झोपणार नाही, आणखी दमून येणार. तासगावहून मोटरसायकलवर येणाऱ्याचे बारा तास घरच्या उंबऱ्यापासून मोज, चौदा होतात. त्याच्या बापाची शेती बरी चालावी असं मलाही वाटतं. पण ते भट्टीच्या तोंडाशी उभं राहून नको.

पैशाचंही लेखी विचार. आजवर नऊनंतरच्या तासाला दुप्पट होतं. आठवड्याच्या ४८ मध्येच बसवलेल्या बाराव्या तासाला काय मिळणार, हे सहीच्या आधी पोरांना माहीत हवं.

तू मत देशील आणि ते मानतीलच असं नाही. नाव खराब होईल याची तुला भीती वाटते, ते मला दिसलं. त्यावर माझ्याकडं गोड उत्तर नाही. मी देत होतो तेव्हा मलाही भीती वाटत होती.

सोमवारच्या आधी एक कर. शनिवारी तुझी दुसरी पाळी आहे ना? पाळी सुटायच्या आधीचा एक तास कागद खाली ठेव आणि पोअरिंग लाइनच्या टोकाला नुसता उभा राहा. कोण लॅडल टेकवतो, कोण पट्टा सैल करतो, वाळलेल्या मसाल्यावर हात फिरवून कोण बघतो आणि कोण बघत नाही. हे आठव्या तासाला. त्याच्यापुढचे चार मनात धर.

रविवारी सकाळी घरी ये. माझ्या जुन्या वह्या माळ्यावरून काढून ठेवल्यात. त्यात पाळीतल्या प्रत्येक तासाचं रिजेक्शन, म्हणजे किती माल नापास झाला ते, माझ्या हातानं लिहिलेलं आहे, त्या दोन महिन्यांचंही. मीटिंगला जाताना ती वही घेऊन जा.

तुझा,
सर