बीमवरचे स्टड काढले तर चालतील का?

प्रश्न : दुकानावर एक मजला चढवतोय, आय-बीम टाकून वर डेकशीट (स्लॅबखालचा पन्हाळी पत्रा) आणि स्लॅब. ड्रॉइंगमध्ये बीमवर ओळीने स्टड, म्हणजे बीमला वेल्ड करून स्लॅबमध्ये गाडले जाणारे लोखंडी खुंटे, दाखवलेत. फॅब्रिकेटर म्हणतो एवढा जड स्लॅब जातोय कुठे, स्टडचे पैसे वाचवा. वाचवू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, अजिबात नको. स्टड असतात ते स्लॅब बीमवरून सरकू नये म्हणून. घरी दोन सारख्या फळ्या एकावर एक ठेवा, टोकांना आधार द्या आणि मध्ये दाबून बघा, टोकाशी वरची फळी खालचीवर सरकलेली दिसेल. त्याच फळ्या फेविकॉलने पक्क्या चिकटवा, ताठपणा चौपट आणि ताकद दुप्पट होते, लाकूड मात्र तेवढंच! बीम आणि स्लॅबमध्ये हे चिकटवायचं काम स्टड करतात.

काँक्रीटला दाब झेपतो, ताण झेपत नाही. दोन्ही एकजीव झाले की वरचा दाब स्लॅब घेतो आणि खालचा ताण स्टील. तुमच्या इंजिनीअरने स्लॅबचा एक पट्टाच बीमचा भाग म्हणून धरलेला असणार, मधल्या बीमला साधारण स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) पाव रुंदीचा, म्हणजे ६ मीटरला दीड मीटर, म्हणून तर एवढ्या लहान बीममध्ये भागलं. स्टड काढले तर बीम मोठा घ्यावा लागेल, मग वाचलं काय? (बाल्कनीसारखा बीम बाहेर निघतो तिथे ताण वरच्या बाजूला येतो, तिथे काँक्रीट धरत नाहीत, फक्त त्यातल्या सळया धरतात.)

मला जास्त काळजी स्लॅब भरायच्या दिवसाची वाटते. ओलं काँक्रीट काहीच मदत करत नाही, नुसतं वजन, १२५ मिमी सपाट स्लॅबचं चौरस मीटरला ३०० किलोच्या वर, आणि ते सगळं एकट्या बीमवर. त्यामुळे टेकू लागतील का हे इंजिनीअरलाच विचारा, आणि लावले तर काँक्रीटला ठरलेल्या ताकदीच्या निदान ७५ टक्के येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नका.

वेल्डिंग झालं की स्वतः वर चढून बघा. प्रत्येक स्टडच्या बुडाशी वितळलेल्या धातूची कडी पूर्ण गोल हवी, हातोडीने टोकलं तर खणखणीत आवाज यायला हवा. कडी कुठे तुटकी दिसली तर त्या तुटक्या जागेच्या उलट दिशेला स्टड १५ अंश वाकवून बघतात, वेल्ड तडकला नाही तर तो तसाच वाकडा ठेवला तरी चालतो, तडकला तर नवीन लावून घ्या.