बिलात तीन बुश, गाडीत एकच. आणि गाडी गॅरेजवाल्याच्या ताब्यात

प्रश्न : मी पुण्यात राहतो. वडिलांच्या नावावरची जुनी जर्मन सेदान वापरतो, मागच्या चाकांवर चालणारी. गाडी वेग घेताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना मागून 'धडक्' असा आवाज यायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली. 'डिफरन्शियलचे बुश गेलेत' म्हणाले (डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा, बुश म्हणजे त्याला गाडीत धरून ठेवणारे रबरी आधार) आणि व्हॉट्सॲपवर १९,५०० रुपयांचं एस्टिमेट पाठवलं. प्रत्यक्षात बिल ४६,८०० चं हातात दिलं. त्यात न विचारता बदललेले सस्पेन्शन आर्मचे बुश, ऑइल, अलाइनमेंट असं बरंच काही होतं. मी २५,००० यूपीआयने दिले, बाकीचं नंतर बघू म्हणालो, त्यांनीही गाडी दिली. दोन आठवड्यांत आवाज पुन्हा सुरू. दुसऱ्या मेकॅनिकने लिफ्टवर घेऊन दाखवलं, की तीनपैकी पुढचा एकच बुश नवा आहे, मागचे दोन जुनेच, फाटलेले. गाडी परत पहिल्या गॅरेजला नेली, तर 'आधी उरलेले २१,८०० द्या, तोवर गाडी इथेच, पार्किंगचे रोज ३०० वेगळे' असं उत्तर मिळालं. जुने पार्ट मागितले तर 'भंगारात गेले'. बिलावर 'रबर पार्टला गॅरंटी नाही' असंही छापलंय. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. रात्री जाऊन गाडी आणली तर चालेल का? पोलिसांत फसवणुकीची तक्रार करू का?

उत्तर : आधी किल्लीचं. ती कपाटातच राहू द्या.

आपलीच वस्तू उचलली तर चोरी कसली, असं सगळ्यांनाच वाटतं. कायदा तसं मानत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली दिलेल्या उदाहरणांपैकी दोन तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहेत. जुन्या दंड संहितेच्या कलम ३७८ मध्येही ती होतीच. पहिल्यात एक जण घड्याळ दुरुस्तीला देतो, कारागिराचं काही देणं नसतं, तरी दुकानात घुसून हातातून घड्याळ हिसकावून नेतो. ही चोरी नाही, पण अतिक्रमण आणि हल्ला होऊ शकतो. दुसऱ्यात दुरुस्तीचे पैसे देणं बाकी आहे, कारागिराने त्यापोटी घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवलंय आणि त्याचं ते तारण बुडवण्यासाठी मालक घड्याळ घेऊन जातो. ही चोरी आहे, मालक असूनही.

तुम्ही या दोन उदाहरणांच्या मध्ये कुठेतरी उभे आहात. माझ्या मते पहिल्याच्या बरेच जवळ. पण गॅरेजचं काही देणं लागता की नाही यावरच तुमचा वाद आहे, आणि त्याचा निवाडा तुम्ही स्वतः, रात्री, किल्ली फिरवून करायचा नसतो. आज तक्रारदार तुम्ही आहात. गाडी तशी आणलीत तर उद्या सकाळी तक्रारदार ते असतील आणि सीसीटीव्हीत तुम्ही.

आता त्यांचा हक्क कितपत खरा, ते बघू. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. याला धारणाधिकार म्हणतात. त्यामुळे 'गाडी अडवणं बेकायदेशीरच' असं सरसकट सांगणाऱ्या मित्रांचं ऐकू नका. पण हा हक्क ताब्यावर उभा असतो. ताबा सोडला की हक्क संपला. त्यांनी २५,००० घेऊन, बाकी नंतर म्हणत गाडी तुमच्या हाती दिली, त्याच वेळी त्या बिलापोटी गाडी अडवण्याचा हक्क त्यांनी सोडला. तुम्ही तक्रार घेऊन गाडी परत आणली म्हणून तो पुन्हा जिवंत होत नाही. १९४३ साली नागपूरला असाच एक निकाल लागला होता. विकलेला जुना फ्रिज दुरुस्तीसाठी परत आला आणि विक्रेता उरलेल्या किमतीसाठी तो अडवून बसला. एकदा ताबा दिल्यावर तो हक्क गेला, असं न्यायालयाने ठरवलं. तिथे प्रश्न विक्रेत्याच्या धारणाधिकाराचा होता, पण तत्त्व तुमच्या कामाचं आहे.

पार्किंगचे ३०० रुपये तर सोडूनच द्या. अडवून ठेवणारा ते स्वतःच्या फायद्यासाठी अडवतो. तसा करार नसेल तर त्याचं भाडं गाडीमालकाकडून मागता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या मेलमध्ये 'आवाज गेला नाही' हे वाक्य चार वेळा आहे. ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत ते एकदाच येऊ द्या, आणि तेही मागच्या बाजूला. मागून येणारा धडका प्रोपेलर शाफ्टच्या रबर कपलिंगचा असू शकतो, सेंटर बेअरिंगचा, ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा, सबफ्रेमच्या बुशचा किंवा गिअरबॉक्स माउंटिंगचा. त्यांचा वकील ही यादी पाठ करून येईल. मेकॅनिकवर जबाबदारी असते ती वाजवी कौशल्याने काम करण्याची. आवाज जाईलच अशी हमी त्याने दिली नसेल, तर नुसत्या आवाजावरून सेवेतली त्रुटी सिद्ध होत नाही, आणि त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने हे एकाहून अधिक वेळा सांगितलंय. तुमची केस बुशावर उभी करा. तीनचे पैसे लावले, एक बसवला. हे आवाजासारखं मतमतांतराचं नाही. डोळ्यांनी दिसतं.

कसं दिसतं? हे बुश म्हणजे दोन धातूच्या नळ्यांच्या मध्ये भरलेलं रबर. नवा बसवायचा तर एक्झॉस्ट आणि शाफ्ट सोडवून डिफरन्शियल खाली घ्यावं लागतं आणि जुना बुश पुलर लावून ओढून काढावा लागतो. बोल्ट न उघडता हे होणारच नाही. म्हणून तपासणी करणाऱ्याला सांगा, की मागच्या दोन बोल्टच्या डोक्यांचे जवळून फोटो घ्या. तिथे माती-ग्रीसचा थर जसाच्या तसा असेल, कडांवर पान्याची ताजी खूण नसेल आणि शेजारच्या पुढच्या बोल्टवर मात्र चकचकीत कड दिसत असेल, तर तो एक फोटो माझ्या दहा पानी युक्तिवादापेक्षा जड आहे. रबराच्या चिरा, बुशावर कंपनीचा छाप किंवा तारीख असेल तर तीही टिपा. एका फ्रेममध्ये नंबर प्लेट किंवा चॅसिस नंबर यायला हवा, नाहीतर 'ही गाडी हीच कशावरून' हा प्रश्न ठरलेला. (बोलेरोसारख्या एकसंध मागच्या ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियल ॲक्सलच्या पोटातच असतं, त्याला असे बुश नसतातच. त्या गाडीच्या बिलात हा पार्ट दिसला तर बिल हाच पुरावा. तुमच्या गाडीत मात्र ते असतात, म्हणून एवढा खटाटोप.)

दुसऱ्या मेकॅनिकने जे तोंडी सांगितलं ते आजच त्याच्या लेटरहेडवर तारखेसह घ्या. जमल्यास परवानाधारक मोटार सर्व्हेयरची तपासणीही करून घ्या. त्यांची फी नंतर नुकसानभरपाईत मागता येते. गाडी गॅरेजच्या ताब्यात असल्यामुळे तपासणी त्यांच्या आवारात करू द्यावी असं गॅरेजला पाठवायच्या नोटिशीत लिहा. नाही म्हणाले तर त्यांचं नाही म्हणणंही कामाला येतं. आणि गाडी मिळाली की लगेच बुश बदलून घेण्याची घाई नको. आधी पुरावा, मग दुरुस्ती. तोवर ती चालवूही नका.

जुन्या पार्टबद्दल. गाडीतून काढलेला पार्ट तुमचाच असतो. बदल्यात देण्याचं ठरलं नसेल तर तो भंगारात घालायचा अधिकार त्यांना नव्हता. नोटिशीत विचारा, की काढलेले तीन बुश कुठे आहेत आणि नवे तीन कुठून आणले, पार्ट नंबरसह त्यांचं खरेदी बिल दाखवा. या प्रश्नाला उत्तर येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

'रबर पार्टला गॅरंटी नाही' ही ओळ वाचून तुम्ही घाबरलात, ते मला पटलं नाही. एक तर ती काम झाल्यावर हाती दिलेल्या कागदावर आहे, काम देताना तुम्ही ती मान्य केलेली नाही. दुसरं म्हणजे, जो बुश बसवलाच नाही त्याच्या गॅरंटीचा प्रश्न येतो कुठून?

एस्टिमेटपेक्षा वाढलेल्या बिलावर मात्र तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी भक्कम नाही. न विचारता केलेल्या कामाचे पैसे द्यायला तुम्ही बांधील नाही, हे खरं. पण करार कायद्याचं कलम ७० सांगतं, की कुणी फुकट करण्याचा हेतू न ठेवता कायदेशीरपणे तुमच्यासाठी काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. आर्मचे बुश खरोखर बदलले असतील आणि तुम्ही त्यावर दोन आठवडे गाडी फिरवली असेल, तर आयोग त्यातला काही भाग तुमच्याकडून वळता करू शकतो. सगळेच्या सगळे २५,००० परत मिळतील या हिशोबाने बसू नका.

गाडीची निकड असेल तर एक सरळ वाट आहे. २१,८०० बँकेतून भरा आणि भरण्याआधी व्हॉट्सॲपवर व ईमेलवर लिहा, 'ही रक्कम गाडी सोडवण्यासाठी, हरकत राखून, वसुलीचा हक्क कायम ठेवून देत आहे.' करार कायद्याच्या कलम ७२ खाली दबावाखाली दिलेले पैसे परत मागता येतात. तिथलं उदाहरणही असंच आहे : रेल्वे बेकायदा आकार भरल्याशिवाय माल सोडत नाही, मालक भरतो, आणि जादा रक्कम परत मिळवायला तो पात्र ठरतो. रोख देऊ नका, आणि 'काम समाधानकारक' असं छापलेल्या कागदावर सही करू नका. पैसे भरायचे नसतील तर ग्राहक तक्रारीसोबत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज करून गाडी मागता येईल. त्याला वेळ लागतो, हे गृहीत धरा.

तक्रार कुठे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आरसी वडिलांच्या नावावर असल्याने अडत नाही. सेवा तुम्ही घेतली, पैसे तुम्ही दिले, ग्राहक तुम्ही. मागणीत दोन बुशांची किंमत, त्यांची मजुरी, हरकत राखून दिलेली रक्कम, तपासणीचा खर्च, पावत्या असलेलं टॅक्सीभाडं आणि मनस्तापाची बेताची रक्कम ठेवा. 'मनस्ताप पाच लाख' लिहिणाऱ्या तक्रारदाराच्या बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतली जाते. व्हॉट्सॲपवरचं एस्टिमेट फोनमधून पुसू नका. त्याच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

पोलिसांत जायचं का? तीनचे पैसे घेऊन एक बसवणं ही फसवणूक असू शकते. पण न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली हेतू सुरुवातीपासून अप्रामाणिक होता हे दाखवावं लागतं, आणि ठाण्यात 'हे दिवाणी आहे' हेच ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. मी आत्ता जाणार नाही. नोटिशीच्या उत्तरात त्यांनी खोटं खरेदी बिल जोडलं, तर तेव्हा जरूर.

आधी स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी, पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. नोटीस गेली की गॅरेजवाला बहुधा फोन करेल, 'या, फुकट करून देतो.' तयारी असेल तर जा. पण उरलेली रक्कम आणि पार्किंग माफ, दोन नवे बुश पार्ट नंबरसह, काम तुमच्यासमोर आणि काढलेले जुने बुश तुमच्या हातात, एवढं आधी लिहून घ्या. तोंडी ठरलं असेल तर गाडीला पाना लावू देऊ नका, कारण ते दोन जुने बुश निघाले की तुमचा पुरावाही निघाला.