वाचकांचे प्रश्न : छापील पुस्तक 210 रुपयांना, ई-पुस्तक 225 रुपयांना?

प्रश्न : निवृत्तीनंतर मुलाने मला ई-रीडर भेट दिला. अक्षर हवे तेवढे मोठे करता येत असल्यामुळे तो मला फार सोयीचा वाटतो. परंतु गेल्या महिन्यात एका कादंबरीची 300 रुपये किमतीची छापील प्रत आमच्याकडील ग्रंथप्रदर्शनात 210 रुपयांना मिळत होती आणि तिचेच ई-पुस्तक मात्र 225 रुपयांना होते. कागद नाही, शाई नाही, बांधणी नाही, टपालखर्च नाही. मग हे पैसे कशाचे घेतात?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात सवलतीची किंमत आणि मूळ किंमत एकमेकींसमोर उभ्या राहिल्या आहेत. 210 रुपये ही प्रदर्शनातील विक्रेत्याने स्वतःच्या कमिशनमधून 90 रुपये सोडल्यानंतरची किंमत आहे. प्रकाशकाने ठरवलेल्या किमती पाहिल्या, तर छापील प्रत 300 रुपयांना आणि ई-पुस्तक 225 रुपयांना आहे. प्रकाशनव्यवसायात एक जुना ठोकताळा आहे, की पुस्तकाची छापील किंमत उत्पादनखर्चाच्या चौपट ते पाचपट ठेवावी. त्या हिशेबाने 300 रुपयांच्या पुस्तकात कागद, छपाई आणि बांधणी यांचे 60 ते 75 रुपये असतात. आपल्या प्रकाशकाने नेमके तेवढेच वजा केलेले दिसतात. उरलेली किंमत लेखकाचे मानधन, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, विक्रेत्याचे कमिशन आणि प्रकाशकाचे घर चालणे यांची असते. हे खर्च कागदावाचूनही तसेच राहतात.

उरला प्रश्न त्या 15 रुपयांचा. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावर मात्र जुलै 2017 मध्ये हा कर आला तेव्हा 18 टक्के दर लागला, आणि जुलै 2018 मध्ये तो 5 टक्क्यांवर आला. हा कमी दरही ज्या ई-पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्यालाच मिळतो. केवळ पडद्यावर जन्मलेल्या पुस्तकाला 18 टक्केच भरावे लागतात. (कागद वाचवणाऱ्याला जादा कर, हा न्याय मला आजवर कोणी पटवून दिलेला नाही.) आपल्या 225 रुपयांत सुमारे पावणेअकरा रुपये कराचे आहेत. ते बाजूला काढले की ई-पुस्तक 214 रुपयांचे उरते, म्हणजे दोन्हींतला खरा फरक चार रुपयांवर येतो.

मराठी ई-पुस्तकात आणखी एक खर्च असतो, जो वाचकाला सहसा दिसत नाही. आपल्याकडील जुनी पुस्तके ज्या संगणकीय अक्षरांत जुळवली गेली, ती बहुतांशी युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व यंत्रांना समजणारी आजची अक्षरपद्धत येण्याआधीच्या, पद्धतीची होती. त्या पद्धतीत अक्षर डोळ्यांना जसे दिसते त्या क्रमाने टंकले जाई, म्हणजे पहिली वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. अशी फाइल युनिकोडमध्ये बदलताना ‘किती’ची वेलांटी सुटी पडते, ‘कर्म’चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे काही चुका शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीलाही सापडत नाहीत. मी प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधनाचे काम पाहत असताना एका प्रवासवर्णनातील ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ या शब्दांचे ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाले होते. ‘दर्या’ हाही मराठीच शब्द असल्यामुळे यंत्राने त्यावर बोट ठेवले नाही. ते पुस्तक 280 पानांचे होते आणि मूळ प्रत हातात धरून एका माणसाने ते ओळीओळीने पुन्हा वाचले, तेव्हा कुठे सह्याद्रीतला समुद्र आटला. त्या माणसाचे वेतन ई-पुस्तकाच्याच खात्यावर पडते, आणि छापील आवृत्तीच्या हजार प्रतींवर जसा खर्च वाटला जातो तसा तो येथे वाटता येत नाही, कारण ई-प्रती किती खपतील याचा अंदाज प्रकाशकालाही नसतो. म्हणून चुकांनी भरलेले 49 रुपयांचे ई-पुस्तक आणि नीट तपासलेले 225 रुपयांचे ई-पुस्तक यांत मी दुसरे घेईन. नमुन्याची पहिली काही पाने विनामूल्य वाचता येतात, ती अवश्य वाचावीत. रफार जागच्या जागी आहेत की नाहीत, हे पहिल्या दोन पानांतच कळते.

आपण इंग्रजी पुस्तकेही वाचत असाल, तर तेथे कागदी प्रतीपेक्षा ई-पुस्तक खरोखर महाग असल्याचे आढळेल. त्याचे कारण निराळे आहे. 2010 मध्ये अॅपलने आयपॅड आणला तेव्हा मोठ्या प्रकाशकांशी असा करार केला, की ई-पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि दुकानदाराने 30 टक्के दलाली घ्यावी. तोवर अमेरिकेत बहुतेक नवी गाजलेली ई-पुस्तके अॅमेझॉनवर 9.99 डॉलरना मिळत, ती 12.99 आणि 14.99 डॉलरवर गेली. यात अॅपलने प्रकाशकांशी संगनमत केले, असा निकाल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने जुलै 2013 मध्ये दिला, आणि पुढे ग्राहकांना 40 कोटी डॉलरची भरपाई मिळाली. किंमत प्रकाशकानेच ठरवायची ही पद्धत मात्र नव्या करारांतून पुन्हा आली. त्यामुळे दुकानदार कागदी प्रतीवर मनासारखी सवलत देऊ शकतो, परंतु त्या प्रकाशकांच्या ई-प्रतीला हात लावू शकत नाही.

प्रश्न : सवलतीच्या दिवसांत 49 ते 99 रुपयांना मिळालेली साठेक ई-पुस्तके माझ्या यंत्रात आहेत. वाचून झालेली मित्रांना देता येतील का? आणि दरमहा वर्गणी भरून हवी तेवढी पुस्तके वाचण्याची योजना अधिक स्वस्त पडेल का?
— एक अभियंता, नाशिक

उत्तर : देता येणार नाहीत. ‘विकत घ्या’ या बटणावर विसंबून आपण ती घेतली असली, तरी अॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरच्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की पुस्तक विकले जात नाही, ते वाचण्याचा परवाना दिला जातो. त्या परवान्याचा अर्थ काय, हे जुलै 2009 मध्ये जगाला दिसले. जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ज्या विक्रेत्याने दुकानात ठेवल्या होत्या त्याच्याकडे त्यांचे हक्कच नव्हते, म्हणून अॅमेझॉनने त्या ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या आणि पैसे परत केले. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली. तेथेही पैसे परत मिळाले. किंडलच्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात भरण्याची सोय फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. याचा आर्थिक अर्थ इतकाच, की ई-पुस्तकाची पुनर्विक्री किंमत शून्य आहे आणि ती हिशेबात धरली पाहिजे. 210 रुपयांची कागदी कादंबरी आपल्यानंतर बहीण वाचते, तिच्यानंतर शेजारी वाचतात, आणि शेवटी ती पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात जाऊन चार पैसे मिळवून देते. 99 रुपयांचे ई-पुस्तक आपल्यापाशीच थांबते.

तरीही आपली खरी महागाई त्या 99 रुपयांत आहे, असे मला वाटत नाही. आपण साठ पुस्तके घेतल्याचे लिहिले आहे, किती वाचली ते लिहिलेले नाही. सरासरी 70 रुपये धरले तर 4,200 रुपये झाले. त्यांतली बारा वाचून झाली असतील, तर प्रत्येक वाचलेले पुस्तक 350 रुपयांना पडले, आणि त्या किमतीत नवीकोरी छापील प्रत आली असती. शिवाय यंत्राची किंमत वेगळी. कपाटात न वाचलेल्या पुस्तकांची चळत दिसली की माणूस पुढची खरेदी थांबवतो. यंत्रात ती चळत दिसत नाही आणि सवलतीचे फलक मात्र रोज दिसतात. मी स्वतः तीन वर्षे हेच केले. आता नमुना उतरवून ठेवतो आणि तो वाचून संपला तरच पुस्तक घेतो. माझी खरेदी त्यामुळे निम्म्याहून खाली आली.

किंडलची मासिक वर्गणीची योजना भारतात 2015 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा दर महिना 199 रुपये होता. आजचा दर पाहून निर्णय घ्यावा, पण पाहण्याची पहिली गोष्ट दर ही नाही. आपल्याला वाचायची असलेली दहा मराठी पुस्तके एका कागदावर लिहावीत आणि त्यांतली किती त्या योजनेत आहेत, हे पाहावे. अनेक मराठी प्रकाशकांची नामांकित पुस्तके ई-स्वरूपात विकत मिळतात, परंतु योजनेत नसतात. दहांपैकी तीन सापडली, तर तेवढा एकच महिना वर्गणी भरून ती वाचावीत आणि सभासदत्व बंद करावे. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी यापेक्षा बहुधा कमीच असेल.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर शेकडो मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरत असताना विकत का घ्यावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : त्यांतल्या बहुतेक चोरीच्या आहेत म्हणून. परंतु विनामूल्य आणि कायदेशीर पुस्तकेही भरपूर आहेत, ती आधी वाचावीत. आपल्या 1957 च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी त्याच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी यांचे निधन 1919 मध्ये झाले, साने गुरुजींचे 1950 मध्ये. या सर्वांचे साहित्य आता सर्वांचे आहे. त्यांची पुस्तके कोणी 49 रुपयांना विकत असेल, तर ते बेकायदेशीर नाही, पण घेण्यापूर्वी मराठी विकिस्रोत या विनामूल्य ऑनलाइन ग्रंथालयात शोधावे. तेथील पुस्तक ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलप्रकारात उतरवता येते आणि 2022 पासून किंडलवरही पाठवता येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक ग्रंथरूप प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. ती पीडीएफ असल्यामुळे सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढे दिसते. यंत्र आडवे धरले तर निभते, पण मोठ्या ग्रंथांसाठी टॅबलेटच बरा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. पुण्याहून पुस्तके मागवली तर टपालखर्च पुस्तकांहून अधिक होतो. ई-रीडर घ्यावा का?
— एक वाचक दांपत्य

उत्तर : आपण अवश्य घ्यावा. साताऱ्याच्या बाईंना जो 15 रुपयांचा प्रश्न पडला, तो आपल्याला पडणारच नाही, कारण आपल्या छापील प्रतीच्या किमतीत अर्ध्या पृथ्वीप्रदक्षिणेचे पैसे आहेत. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर 2016 पासून रीतसर मिळू लागली. खाते अमेरिकेचे असेल, तर किंमत डॉलरमध्ये दिसेल आणि ती भारतातल्या किमतीशी जुळेलच असे नाही. यंत्र घेण्यापूर्वी, फोनवरच्या विनामूल्य अॅपमध्ये आपल्या आवडीच्या पाचसहा मराठी लेखकांची नावे शोधून पाहावीत. ती तेथे सापडली नाहीत, तर मराठी पुस्तकविक्रेत्यांच्या स्वतःच्या अॅपवर बहुधा सापडतील. परंतु त्या अॅपसाठी ई-रीडरऐवजी साधा टॅबलेट लागतो, आणि तो आपल्या घरी एव्हाना असेलच. इंग्रजी वाचनासाठी गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड काढून लिबी या अॅपवरून ई-पुस्तके विनामूल्य आणावीत. अमेरिकेत ती किंडलवरही घेता येतात. मराठीसाठी मात्र त्यावर विसंबू नये.