लांबच्या विमानप्रवासात पाच वेळचा नमाज कसा सांभाळावा?

सर्वाधिक गोंधळ कस्रचा, म्हणजे प्रवासात नमाज आखूड करण्याच्या सवलतीचा होतो. जोहर (दुपार), असर (दुपारनंतर) आणि इशाचे (रात्र) 4 फर्ज, म्हणजे अनिवार्य रकात (नमाजाची आवर्तने), 2 होतात. फजरचे (पहाट) 2 आणि मगरिबचे (सूर्यास्तानंतर) 3 तसेच राहतात. घाईत मगरिबही 2 पढून मोकळे होणारे असतात! कस्र सुरू होते गावाची वस्ती ओलांडल्यावर, घरी बॅग भरताना नव्हे. स्थानिक इमामामागे उभे राहिलात तर पूर्ण 4. हनफी मतानुसार (हनफी आणि शाफई हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन पंथ) प्रवास साधारण 78 किमीच्या पुढचा आणि एका जागी मुक्काम 15 दिवसांहून कमी हवा. शाफई मतात जोहर-असर किंवा मगरिब-इशा एकत्र पढण्याचीही मुभा आहे.

वजूत, म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुण्यात, खरी अडचण पायांची. बेसिनमध्ये पाय वर करून जमीन ओली करण्यापेक्षा घरूनच पूर्ण वजू करून चामडी मोजे घाला. पुढच्या वजूला त्यांच्या वरच्या बाजूवर ओला हात फिरवला की झाले. प्रवाशाला ही सवलत 3 दिवस-रात्रींची. मोजा उतरवला की ती संपते, म्हणून तपासणीत बूट काढा, मोजे राहू द्या.

वेळ मात्र खिडकीबाहेरच्या सूर्यावरून ठरवा. पूर्वेकडे जाताना मगरिब लवकर येते, घरच्या वेळेचा अलार्म फसवतो. शिवाय उंचीवर सूर्य जमिनीपेक्षा काही मिनिटे उशिरा मावळतो.